पाणकणसाच्या पिशव्या

आमच्या आत्याची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे ‘मस्त सडलं!’ मी बँकेत लागलो तेव्हा ती ‘बरं झालं’ म्हणाली. माझ्या लग्नात नवरीकडे बघून ‘गुणी दिसते’ म्हणाली. पण तलावातून काढलेलं काळं, बुळबुळीत पान नाकाशी धरून, डोळे मिटून, ज्या सुरात ती ‘आहाहा, मस्त सडलं!’ म्हणायची, त्या सुराला आमच्या खानदानात कुणीही कधी पात्र ठरलं नव्हतं.

आत्या धरमपेठेत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि तिचा सगळा जीव बुरशीत होता. लोणच्यावर येते ती बुरशी नव्हे, तलावाच्या काठची पाणकणसं वाळली की त्यांच्यावर जगणारी. घरात तिचं नाव ‘बुरशीआत्या’ पडलं आणि तिनं ते पदवीसारखं मिरवलं. नव्या सुनेला आम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवत असू की फ्रिजच्या खालच्या कप्प्यातला डबा भाजीचा नाही. माझ्या बायकोला सांगायचं राहिलं. ‘पालक जरा जुना दिसतोय’ म्हणत ती डबा निवडायला घेऊन बसली आणि आत्यानं अशी किंकाळी फोडली की शेजारचे धावून आले.

‘पान मेलं म्हंजे त्याचं काम संपत नाही, सुरू होते,’ असं ती सांगायची. ‘वाळलं पान म्हंजे कोरडी भाकर. गोगलगाईच्या घशाखाली उतरत नाही. बुरशी त्याच्यात धागे घालते, आतून मऊ करते, त्याच्यात आपलं सत्त्व भरते. मग जेवते सारा तलाव.’

‘म्हणजे बुरशी स्वयंपाकीण झाली,’ मी म्हटलं.

‘तू कॉमर्सचा. तुले एवढं समजलं तरी पुष्कळ.’

तलावावर तिला पहाटेच जायचं असे. उभ्याउभ्या वाळलेल्या कणसावरची बुरशी दिवसभर सुकून पडते आणि दव पडलं की जागी होऊन खायला लागते, असं तिचं म्हणणं. ‘तुझ्या उलट,’ असं ती मागच्या सीटवरून माझ्या कानात सांगायची. मनीषनगरातून थेट कोराडीच्या वाटेवरच्या तलावापर्यंत, साऱ्या शहराच्या आरपार, थंडीत स्कूटर हाकायचं काम माझं. घरात वेळेवर बहाणा न सुचणारा मी एकटाच होतो.

नोकरीत परीक्षा आणि पेपर तपासण्यापायी तिचं एक काम राहून गेलं होतं. एकाच तलावात पान अगदी संपेपर्यंत, वर्षभर पाहायचं. निवृत्त झाल्यावर गुडघे कुरकुरायला लागले तशी तिनं घाई केली. ‘हे झालं नाही तं माहं शिकवणं अर्धं राहिलं,’ म्हणाली. पाणकणसाची वाळली पानं तोलून नायलॉनच्या जाळीच्या छोट्या पिशव्यांत भरली, पिशव्यांची तोंडं स्वेटरच्या उरलेल्या लाल लोकरीनं बांधली आणि पाण्यात रोवलेल्या बांबूंना टांगली. अधूनमधून एकेक काढायची आणि किती पान उरलं ते पाहायचं.

पिशव्या सुखरूप राहिल्या. ढोरंसुद्धा कुणी त्या कोपऱ्यात उतरवेना. मी खूश होतो. मग एका सकाळी गिरजाबाई वाटेत उभी दिसली. तिचं कुटुंब या तलावात पिढ्यान्‌पिढ्या शिंगाडे लावत आलेलं. ती आमच्यापासून चांगलं अंतर राखून उभी होती.

‘बाई, आमचं काय चुकलं?’ तिनं हात जोडले. ‘कोनावर करून राहिल्या तुमी हे? तिकडचा शिंगाडा तोडल्याविना पानीतच सडून चालला. पोरं उतरत नाही माझे.’

पहाटेची वेळ, पांढऱ्या केसांची बाई, पाण्यात टांगलेल्या पुड्या आणि वर लाल दोरा. सारा तलाव आत्याला करणी करणारी समजत होता!

मला मात्र यात फायदाच दिसला. मी हळूच म्हटलं, ‘आत्या, तू बोलूच नको. हे लोक भेतात म्हणून तं पिशव्या टिकल्या. फुकटचा चौकीदार भेटला आपल्याले.’

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं न सडलेल्या पानाकडे पाहायची.

‘मी तान्ही होते तवा माह्या बापानं धम्मदीक्षा घेतली. त्याच दिवशी माह्या मनगटावरचा दोरा त्यानं आपल्या हातानं तोडला. अन् मी आता दोऱ्याच्या भेवावर काम पुरं करू? हट.’

ती गुडघ्याला हात देत पाण्यात उतरली, एक पिशवी काढून आणली आणि गिरजाबाईसमोर कात्रीनं फाडली. वेळेआधी फाडलेली पिशवी तिच्या कामातून गेली, एवढं कॉमर्सवाल्यालाही कळत होतं. आतलं काळं पान तिनं तळहातावर चुरलं.

‘घे वं, हुंगून पाह्य.’

गिरजाबाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग हात पुढे केला. हुंगलं. पुन्हा हुंगलं. ‘हा तं गाळाचा वास व्हय! शिंगाड्याच्या मुळीले येते तो.’

‘मंग? याच्यातूनच तं गाळ होते अन् तुह्या शिंगाड्याले खायला भेटते.’

‘अन् लाल दोरा काहून?’

‘मले दुरून दिसत नाही वं, म्हातारी झाली मी!’

गिरजाबाई इतकी हसली की काठावरचे बगळे उडाले. पण आत्या हसली नाही. ‘पिशव्या तुमच्या कोपऱ्यात आहेत. मी विचारलं नाही, ते चुकलं. अडचण होत असंन तं आताच्या आता काढतो आम्ही.’

मी बांबूंकडे पाहिलं. तिचं राहिलेलं काम तिथं पाण्यात लोंबत होतं आणि गिरजाबाईच्या एका शब्दावर टिकून होतं.

‘राहू द्या,’ गिरजाबाई म्हणाली. ‘पन दोरा बदला बाई. माझे पोट्टे अजून भेतीन.’ आणि तिनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या आणून दिल्या.

भीती गेली तशा दोन-चार पिशव्याही गेल्या. एक म्हशीनं ओढली, बाकीच्या कुणीतरी पळवल्या, त्यांच्या जाळ्यांत आता घरी लसूण ठेवत असावं. आत्यानं तक्रार केली नाही. उरलेल्या पिशव्या गिरजाबाईनं शिंगाडे तोडताना सांभाळल्या. कुणी नवखा थबकला की ती ओरडे, ‘हे आमच्या बाईचं व्हय. भेऊ नको, हात लावून पाह्य!’ बापानं तोडलेला तो दोरा आत्यानं तिथं पुन्हा एकदा तोडला होता. हे सांगताना माझी छाती अजून फुगते, आणि माझी छाती फुगण्यासारखं माझ्या स्वतःच्या आयुष्यात फारसं काही नाही.

उन्हाळ्यात गुडघ्यांनी आत्याला पलंगावर बसवलं. शेवटची पिशवी मीच पाण्यात उतरून काढली आणि तशाच अवतारात तिच्या खोलीत गेलो. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. पण त्या दिवशी तिनं पिशवी उघडली, आत चिमूटभर काळं उरलं होतं. ती चिमूट नाकाशी धरून तिनं डोळे मिटले. ‘आहाहा. पुरं झालं गा!’

मग डोळे उघडून तिनं मला पाहिलं. कंबरेपर्यंत चिखल, शर्टाला गाळाचा वास, नखांत पाणकणसाचा काळा लगदा.

‘आहाहा,’ ती त्याच सुरात म्हणाली, ‘तूही मस्त सडला!’

बँकेच्या निरोप समारंभात माझ्याबद्दल जे बोलायचं ते बोलोत. मला ऐकायचं होतं ते मी ऐकून बसलो आहे.