साहेबाला दिलेला चहा

नवऱ्याच्या मागनं निपाणीकडनं बेंगळुरात येलहंक्याला आले, तवापासनं ह्याच गल्लीत आहे. दारासमोरनं गटार जातंय. महापालिकेच्या माणसांनी वरच्या फरश्या काढल्या, गटार खोल खणलं आणि माणसं गेली ती गेलीच. मग ज्यानं त्यानं आपल्या दारात एक फळी टाकली. पोरं पळत जात्यात. माझे गुडघे गेलेले. एकदा पाय ठेवला, फळी हलली, तशी मागं फिरले. उन्हाळा घरातच गेला, पावसाळाही घरातच गेला. बाजार नाही, देऊळ नाही. समोरची अक्का पलीकडनं ओरडायची, "जेवलीस काय गं?" मी आतनं म्हणायची, "व्हय."

नात कॉलेजात. ती आणि गल्लीतल्या पोरी वॉर्डाच्या सभेला जायला लागल्या. मी म्हटलं, "तुमचं कोण ऐकतंय?" आधी महापालिकेच्या साहेबानं त्यांना बोलूच दिलं नाही. मग एकदा नात उभी राहिली, म्हणाली, "साहेब, खुर्चीतनं गटार दिसत नाही. गल्लीत या." बाकीची माणसंबी तेच म्हणायला लागली. साहेबाला यायलाच लागलं.

आदल्या दिवशी नातीनं घरोघरी बजावलं, "कुणी चहा द्यायचा नाही. चहा दिला की तो पाहुणा होतोय, मग त्याला विचारायचं कसं?"

साहेब तिचाच हात धरून फळीवरनं आमच्या उंबऱ्यात आला. घामानं भिजलेला. उंबऱ्यात आलेल्या माणसाला सुकं कसं पाठवायचं? मी चहा ठेवला. नातीनं डोळे वटारले.

"छान झालाय, अज्जी," साहेब म्हणाला. "स्वल्प अ‍ॅडजस्ट करा, थोडं सांभाळून घ्या, होईल."

"सरी, सरी," मी म्हटलं. बरं, बरं म्हणायची सवय.

पलीकडनं अक्का हसली, "झालं! बुडालं गटार चहात!"

नात म्हणाली, "आजी, तू शेवटची बाहेर कधी गेलीस, ते सांग त्यांना."

मला आठवेना. तेच सांगितलं, "आठवत नाही, साहेब."

त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "अज्जींच्या दारात उद्याच फरशी टाकतो."

माझा जीव पार रस्त्यावर जाऊन आला. आणि नात म्हणाली, "सगळ्यांच्या दारात टाका. नाहीतर नको."

मला विचारलंबी नाही. आत बसलेली मी, आणि नको म्हणणारी ती. लई राग आला. शेजारच्या दारात त्या घरची पोटुशी सून फळीकडं बघत उभी होती. साहेब माझ्याकडं बघत होता, मी काय म्हणते म्हणून.

मी म्हटलं, "ती म्हणते तसं करा."

पुढच्या सभेत त्याला सगळ्यांसमोर तारीख द्यायला लागली. पोरींनी पाठ सोडली नाही. आता काम लागलंय, पण गल्लीच्या वरच्या टोकानं. आमचं दार सगळ्यात शेवटी. फरशी टेकवल्याचा आवाज येतोय. अजून लांब आहे.