तळ दिसणारं पाणी

उखा नावाड्याने आयुष्यभर तापीतून माणसं काढली, पण त्यांतलं एकही जिवंत नव्हतं. यात त्याचा काय दोष? प्रकाशा गावाच्या घाटावर कुणी बुडालं की आधी आरडाओरडा, मग पोलिसांना फोन, मग नातेवाईक, आणि सगळे हात टेकून बसले की कुणाला तरी उखाची आठवण व्हायची. तो गळ घेऊन नाव पाण्यात लोटायचा तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलेलं नसायचं. घरच्यांनी दिलेला नारळ आणि उपरणं घेऊन तो परतायचा, आणि ज्यांचं लेकरू त्याने वर आणलं तीच माणसं पुढे शहाद्याच्या बाजारात दिसली की तोंड फिरवून जायची. गरज सरो, वैद्य मरो!

त्याचा मुलगा भाग्येश मिसरूड फुटायच्या आधीपासून त्या नावेत बसायचा. पुढे बीए झाला, पण बीएला विचारतो कोण? पोहणं मात्र रक्तात होतं. पाण्यातलंच काम करायचं, पण माणूस जिवंत बाहेर काढायचा, एक तरी, एवढं त्याने मनाशी धरलं.

नाशिकला जीवरक्षकाचं प्रशिक्षण देणाऱ्या नवनीत सरांना त्याने फोन लावला. सर म्हणाले, प्रमाणपत्रं दोन आहेत. तरण तलावाचं घेतलंस तर हॉटेलं, रिसॉर्ट, वॉटर पार्क लगेच ठेवून घेतात. खुल्या पाण्याचं, म्हणजे नदी-समुद्राचं, लांबलचक आणि अवघड. काम मिळालं तर कोकणातल्या किनाऱ्यावर, नाहीतर पूर येईल तेव्हा. "पण तू नदीचा आहेस. माझं ऐकशील तर खुलं पाणी घे."

प्रकाशाच्या घाटावर जीवरक्षक नेमणार, अशी आवई दरवर्षी उठायची आणि पावसाळ्याबरोबर ओसरायची. तिच्या भरवशावर कोण बसणार?

आई कौसाबाईने तर एका वाक्यात निकाल दिला. "जठे तळ दिखस तठेच काम कर, भाऊ. दिखत नही त्या पानीमा हात घाली घाली तुन्हा बापनं आखं आयुष्य गयं."

"पानी पानीच राहस," उखा एवढंच म्हणाला. त्याचं कोण ऐकतंय!

भाग्येशने तरण तलाव निवडला. पगार होता, लाल टी-शर्ट होता, शिट्टी होती, आणि बाजारात कुणी तोंड फिरवणार नव्हतं. प्रशिक्षणात पोहण्यात तो सगळ्यांच्या पुढे. नवनीत सर म्हणाले, "पोहायला तुला काय शिकवू? बघायला शिक. तलावात बुडणारा ओरडत नाही. माणूस हलत नाही असं दिसलं की विचार करायचा नाही, उडी." भाग्येशने मान डोलावली. पण मान डोलावणं वेगळं आणि अंगात भिनणं वेगळं.

नाशिकजवळच्या एका रिसॉर्टवर काम लागलं. पाणी असं नितळ की फरशीची सांधसुद्धा दिसायची. लाल टी-शर्टातला फोटो कौसाबाईने गल्लीभर दाखवला.

मे महिन्यातला रविवार होता. तलाव माणसांनी गजबजलेला. कडेच्या उथळ पाण्यात मयूरी नावाची छोटी मुलगी पालथी पडली होती, हात पसरलेले, केस पाण्यावर. भाग्येशला ती दिसली. दिसली, हेच वाईट. प्रकाशाला यात्रेकरू नदीत नाणी टाकतात आणि घाटावरची पोरं ती हेरायला अशीच पालथी, हात पसरून, निपचित तरंगतात. हललं की गाळ उठतो आणि नाणं हरवतं. भाग्येशचं सगळं लहानपण तसं पालथं पडण्यात गेलेलं. त्याच्या मनाने म्हटलं, खेळते आहे पोरगी. नजर पुढे सरकली. पलीकडे दोन पोरं कठड्यावरून उड्या मारत होती, त्यांच्यावर त्याने शिट्टी वाजवली. नजर परत आली तेव्हा मुलगी तशीच होती. इथे कोण नाणी टाकतंय, हे त्याला तेव्हा सुचलं.

पुढचं त्याने अगदी शिकवल्याप्रमाणे केलं. उडी मारली, तिला काठावर घेतलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. मुलगी खोकली. तिच्या आईने भाग्येशचे पाय धरले. जन्मभराची इच्छा पुरी झाली असं त्याला वाटलं, आणि तो तिथेच ओल्या फरशीवर बसून रडला. दोन दिवसांनी दवाखान्यातून निरोप आला, मुलगी गेली. मग मालकाने कॅमेरा पाहिला. भाग्येशचं तोंड तिच्याकडे वळलेलं आणि तिथून पुढे गेलेलं त्यात स्वच्छ दिसत होतं. त्याच दिवशी त्याला काढलं.

तो प्रकाशाला परतला. कौसाबाई कपाळ बडवून घेत होती, "मीच धाडं तुले तठे!" नवनीत सरांचा फोन आला: खुल्या पाण्याची तुकडी सुरू होतेय, अजून वेळ गेलेली नाही, ये. भाग्येशने मध्येच फोन बंद केला.

उखा ओट्यावर बसून होता. त्याने हळूच विचारलं, "तू बाहेर काढी तवय जित्ती व्हती ना रे?" त्या प्रश्नाने त्याला धीर द्यायचा होता, आणि त्यात थोडा हेवाही होता.

"व्हती, आबा," भाग्येश म्हणाला. "पन मी तिले पहिले देखं ना, तवय बी ती जित्तीच व्हती."