न मिळालेली दुर्बीण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते माझं मलाच कळत नाही.

मी रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवायचो. शनीची कडी फळ्यावर किती वेळा काढली असेन! पण स्वतः पाहिली होती का? छे. इंटरनेट गावात नुकतं रुळत होतं तेव्हा, मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेत बसून, एका लिलावाच्या साइटवर मी जुनी दुर्बीण घेतली. विकणाऱ्या बाई मिरजेच्या. पैसे साइटकडे थांबायचे. वस्तू मिळाली असं आपण कळवलं, की बाईंना जायचे.

कुरिअरवाला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा बाप. मी सहीसाठी पेन काढलं, तर म्हणाला, "सर, तुमची कसली सही घ्यायची? तुमी काय पळून जाताव?"

त्याच संध्याकाळी गच्चीवरून शनी पाहिला. काय सांगू तुम्हाला? एवढासा, पिवळसर — आणि भोवती खरीखुरी कडी! मी पुन्हा पुन्हा डोळा लावून पाहिलं. पंचवीस वर्षं मी शिकवत होतो ते खरंच तिथे होतं. दुर्बीण मात्र सारखी खाली घसरायची, आणि शनी निसटायचा.

चार दिवसांनी साइटनं विचारलं — वस्तू मिळाली का? खाली दोन बटणं. मी... मी 'नाही' दाबलं. पैशांची नड होती का? मुळीच नव्हती. सही झालेली नाही, हे मला ठाऊक होतं — एवढंच. बाईंकडे पाठवल्याची पावती होती, पोच नव्हती. ग्राहकाला संरक्षण म्हणून साइटनं सगळे पैसे मला परत केले. कधी न पाहिलेल्या माणसांनी माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला! मी थक्क झालो. लाज? ती तेव्हा वाटली नाही.

मग बाईंची मेल आली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. "दुर्बीण माझ्या वडिलांची होती. तुमच्यापर्यंत पोचली नाही, माफ करा. ज्याच्या हाती लागली असेल त्यानं आकाश पाहिलं, तरी बाबांना चाललं असतं. फक्त तिचा डावा स्क्रू सैल आहे, दोन वेढे जास्त द्यावे लागतात. हे त्याला कोण सांगणार?"

तीनदा वाचलं. इतकं मोठं मन असतं माणसाला? चोराची दुर्बीण घसरू नये, याची काळजी? शनी पाहून हरखलो होतो — पण ही मेल वाचून, कॅफेतला तास संपला तरी खुर्चीतच बसून राहिलो. लाज वाटली ती तेव्हा. अजून वाटते.

मी उत्तर लिहिलं नाही. पैसे पाठवले नाहीत. दुर्बीण शाळेत कधी नेली नाही — कुठून आणली म्हणून सांगणार होतो? मुलांना फळ्यावरचीच कडी दाखवत निवृत्त झालो.

मेल आली त्या संध्याकाळी मात्र गच्चीवर गेलो होतो, आणि डावा स्क्रू दोन वेढे जास्त आवळला. दुर्बीण जराही घसरली नाही.