कळंबा भरला, पाहुणी बारमेरची

जुलैतला रविवार. बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा. आज मात्र राहवत नाही.

कोल्हापूरला कधी यावं, असं कुणी विचारलं की मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सांगते. बारमेरच्या मैत्रिणीला, रेखालाही तेच सांगितलं होतं. पण तिला कामासाठी याच आठवड्यात यावं लागलं. मोकळा दिवस फक्त आजचा, आणि सकाळपासून पावसाची झड. पन्हाळा रद्द झाला. तिचा दिवस वाया जाणार म्हणून मी भजी तळत चरफडत होते.

तेवढ्यात शेजारच्या शबाना भाभी दारातून म्हणाल्या, "ताई, कळंबा भरला की. पावणीला घरात वाळवत बसलाय व्हय?"

तिघी रिक्षानं निघालो. तलावाच्या सांडव्यावरून पाणी कोसळत होतं आणि ते बघायला ही गर्दी. कणीसवाल्या काकांनी विचारलं, "पावणं कुठलं?" राजस्थान म्हटल्यावर म्हणाले, "मग न्या की थोडं. आमच्याकडं लई हाय."

आम्ही हसलो. रेखा पाण्याकडेच बघत होती. मग म्हणाली, तिच्या गावी तळं भरलं की घरोघरी गूळ वाटतात. तिनं ते लहानपणी एकदाच पाहिलंय. पुढच्या वर्षीही ती जुलैतच येणार आहे.

पुरात रस्ते बंद होतात, हे खरं. मग माझा सल्ला चुकीचा होता का? तुम्ही पाहुण्यांना कधी बोलावता?

आम्ही दरवर्षी कळंबा बघतो, कणीस खातो आणि घरी येतो. गुळाच्या गावात राहून हे कधी सुचलं नाही.

उद्याचं काम: भाभींना घेऊन पुन्हा कळंब्याला जायचं, गूळ वाटायला.