तबस्सुमची चार पानं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. मी याद्या करणारी बाई आहे — किराणा, दुरुस्त्या, कुणाला फोन करायचा, सगळं कागदावर. ही एक गोष्ट मात्र कधी कुठल्या यादीत लिहिली नाही. लिहिली तर तिच्यापुढे बरोबरची खूण करता येणार नाही, म्हणून असेल?

अमरावतीत माझं कॉम्प्युटर सेंटर होतं. कापसाची ती वाईट वर्षं. दर्यापूर, चांदूर बाजारकडची मुलं नाव घालायची आणि सोयाबीन निघायच्या आत यायची बंद व्हायची. पाच बॅचच्या दोन उरल्या. त्यातली सकाळची भरलेली असायची — तबस्सुममुळे. तबस्सुम माझीच जुनी विद्यार्थिनी, दर्यापूरच्या एका शिंप्याची मुलगी. रोज काळीपिवळी जीपनं यायची आणि अशी शिकवायची, की मागच्या बाकावरचा पोरगाही हात वर करायचा. माझ्या तासाला कुणी हात वर करत नसे. हेही सांगून टाकते.

अकोल्यात वेबसाइट बनवणाऱ्यांचं एक ऑफिस निघालं, त्यांना माणूस हवा होता. तिच्या घरून बाहेरगावी राहून नोकरी करायला फक्त अकोल्याचीच परवानगी होती — तिथे तिचे मामू राहायचे. दुसऱ्या शहराचं नाव काढायची सोय नव्हती. ऑफिसची अट एकच : स्वतःची छोटी साइट करून ठेवा, शुक्रवारी आम्ही बघू. तबस्सुमनं दोन दिवसांत चार पानं केली. ओळख, शिक्षण, केलेली कामं, पत्ता. वरचा पट्टा एका फाइलमध्ये लिहून चारही पानांना जोडला होता. झटकन उघडायची, नीटस दिसायची.

चांगली आहे, हे मला पहिल्या मिनिटात कळलं होतं. तरी मी काय म्हणाले? हा पोरखेळ आहे, म्हणाले. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीनं कर — पानाचा क्लास, मेनूचा क्लास, कामांचा क्लास. आणि हे सगळ्या बॅचसमोर.

ती हसत म्हणाली, "मॅडम, एकच लाडू वळाचा आहे, तं साचा कायले?"

पोरं हसली. तिचंच बरोबर होतं. प्रोग्रॅममधला क्लास म्हणजे साचाच; एकसारख्या पुष्कळ वस्तू काढायच्या असतील, काम पुढे वाढत जाणार असेल, चारपाच जण मिळून ते करणार असतील, तर तो उपयोगाचा. चार पानांत एका मुलीची ओळख — तिथे त्याचं काय काम? हे मी स्वतः फळ्यावर कितीदा शिकवलं होतं. पण मी कागद ओढला आणि यादी केली. चौदा मुद्दे, क्रमांक घालून, खाली रेघ मारून. आधी हे कर, मग अकोल्याला दाखव, म्हणाले. माझी यादी तिनं कधी मोडली नव्हती. ती कामाला लागली.

तिचं भलं व्हावं म्हणून? बरीच वर्षं मी स्वतःला तसंच सांगत आले. खरं एवढंच, की ती गेली असती तर सकाळची बॅच गेली असती.

इथे थांबता आलं असतं. इथवरचं कुणालाही सांगता येतं — शिस्तीच्या बाईनं जरा जास्तच शिस्त लावली. पण शुक्रवारी दुपारी सेंटरच्या फोनवर अकोल्याहून फोन आला. तबस्सुम जीपनं घरी निघाली होती, मोबाइल तिच्याकडे नव्हता. पलीकडचे साहेब सभ्य होते. साइट उघडत नाही म्हणाले, नुसती एरर दिसते. तिचं आधीचं काही काम असेल तर तेच पाठवा, संध्याकाळपर्यंत थांबतो.

मी पाहिलं. लगेच समजलं — साइट जिथे चढवली होती, त्या सर्व्हरवरचं पीएचपी, म्हणजे साइट चालवणारी भाषा, जुन्या आवृत्तीचं होतं, माझ्या यादीबरहुकूम लिहिलेले क्लास त्याला कळत नव्हते. सेंटरमध्ये नवी आवृत्ती, म्हणून तिथे सगळं चाललं होतं. आणि तिची आधीची चार पानं? माझ्या कपाटात. सीडीवर, नाव आणि तारीख घालून. मी सगळ्याची प्रत ठेवते. ती पानं पाठवायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं?

मी म्हणाले, "नाही हो साहेब, तिचं काम एवढंच आहे."

फोन ठेवला आणि हजेरीपुस्तक भरायला घेतलं.

सोमवारी ती नेहमीच्या वेळेला आली. अकोल्याचा नकार तिला कळला होता. रडली नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, माह्यं कुठी चुकलं?"

मी खडू घेतला. जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, दोन्हींतला फरक — शांतपणे, उदाहरणं देऊन समजावलं. तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं, मला थँक्यू म्हणाली आणि शिकवायला गेली.

पुढची तीन वर्षं माझी सकाळची बॅच भरलेली होती.