कजाग

आमच्या फाट्यावर सकाळची अक्कलकुव्याची बस थांबत नाही, ती थांबवावी लागते. पाट्या आणि गाठोडी घेतलेल्या बायका दिसल्या की ड्रायव्हर उलट वेग वाढवतो. मग त्यांच्यातलीच एक बाई वांग्यांची पाटी खाली ठेवते, पदर खोचते आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहते. सगळे चढले की शेवटी ती चढते. तिचं नाव मला अजून माहीत नाही.

परवा बसमध्ये माझ्या शेजारी बसलेला माणूस तिच्याकडे बघून म्हणाला, "कजाग बाई शे."

माझं डोकंच फिरलं. मी कॉलेजात भाषा शिकवतो. हा शब्द मूळचा मध्य आशियातल्या तुर्की भाषांतला. तिकडच्या गवताळ मैदानांत कुणाचीही सत्ता न मानणाऱ्या मोकळ्या माणसाला कझाक म्हणत. एका अख्ख्या देशाने ते नाव घेतलं. रशिया-युक्रेनकडे त्याचाच शूर घोडेस्वार झाला. आमच्याकडे फारसीतून येताना तो लुटारू झाला, आणि आम्ही तो भांडणाऱ्या बाईला चिकटवून दिला. पुरुष कितीही भांडू दे, त्याला कुणी कजाग म्हणत नाही.

मी त्या माणसावर आवाज चढवला, तशी दांडा धरून उभी असलेली ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ. गोड बोलीसन एक दिन बी गाडी थांबनी नही."

 तो माणूसही आमच्याच फाट्यावर चढला होता. ती बाई गाडी अडवून उभी होती, तेवढ्यात त्याने खिडकीची जागा पकडली होती.