सापकांद्याची वहिवाट

खोटं बोलण्यात माझा हात धरणारा माणूस नेवासा तालुक्यात नाही, आणि एवढं एक वाक्य मात्र खरं आहे. आमच्या सोनईचा ऊस एके वर्षी इतका वाढला, की तोडणीला आलेल्या लोकांनी शेंडा बघायला मान वर केली ती दोन दिवस खाली आली नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगत आलोय. नागापूरच्या एमआयडीसीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. लोखंड तासलं की कमी होतं, गोष्ट तासली की वाढते; दिवसभर मी दोन्ही कामं करतो.

ही कला मला घरातूनच मिळाली. भाऊबंदांच्या वावरातून आमची बैलगाडीची एक वाट जायची आणि ते ती अडवायचे. तिच्यावरून आमचं आणि त्यांचं तीन पिढ्या भांडण चाललं. ज्या गाडीसाठी ते सुरू झालं ती मोडून चुलीत गेली, बैलांची नावंसुद्धा कोणाला आठवेनात, पण भांडण ताजंतवानं. मग कचेरीत साक्षीला मला उभं केलं. वर्षानुवर्षं वापरातली वाट ती वहिवाट, आणि जमीन कोणाचीही असो, वहिवाट अडवता येत नाही, हे मला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. मी त्या वाटेवरून गेलेल्या गाड्यांचं असं वर्णन केलं, की लिहून घेणारे कारकून पेन खाली ठेवून ऐकत बसले. माझ्या साक्षीत त्या वाटेवरून एक हत्तीही गेला होता. वाट मोकळी झाली.

माझी ही कीर्ती कळसूबाईच्या पायथ्याशी, माझ्या सासुरवाडीपर्यंत पोचली होती. म्हणून तर गेल्या आषाढात थोरल्या मेव्हण्याचा फोन आला. काजवे बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याला तंबू टाकायचे होते. जागाही ठरली होती. घरामागच्या ओढ्यापासून थेट वरच्या कड्याखालपर्यंत त्यांचा एक रानपट्टा आहे, वीसेक हात रुंद, कधी न नांगरलेला. दिवाळीनंतर जेसीबी लावून त्याच्या पायऱ्या पाडायच्या आणि पायरीपायरीवर तंबू. अडचण एकच होती, त्याची आई. जमीन सासूबाईंच्या नावावर. पण पोराशी वैर नको म्हणून त्या म्हणाल्या होत्या, जावयाला बोलवा, तो पट्टा बघून काय सांगेल ते मला मान्य.

“दाजी, तुमच्या तोंडापुढं कचेरी टिकली न्हाई,” मेव्हणा फोनवर खूश होऊन म्हणाला, “तिथं आई काय टिकनार?”

मी पोचलो तर खुंट्या ठोकून सुतळी ताणलेली. पट्ट्याच्या डाव्या अंगाला एका रिसॉर्टची हिरवळ, न्हाव्यानं कातरल्यासारखी. उजव्या अंगाला शेजाऱ्यानं डोंगर सपाट करून केलेलं वावर. मधे हा पट्टा, झिंज्या सोडून बसलेल्या पोरासारखा. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. चहा प्यायचा, निकाल द्यायचा, खेकड्याचं कालवण खायचं आणि परत.

सासूबाई म्हणाल्या, आधी चला वर. डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतला आणि पासष्टीच्या त्या बाई अनवाणी अशा चढायला लागल्या, की जणू डोंगरच त्यांच्या पायाखालून खाली सरकत होता. मी मागून. माझा भाता एवढा चालत होता, की त्या वाऱ्यानं धुकं हलत होतं.

आता मी जे सांगणार आहे त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही; तो माझ्या आजवरच्या कर्तबगारीचा दोष. पण त्या वीस हातांच्या पट्ट्यात काय नव्हतं? ओढ्यात दगड उचलला की खेकडा नांगी उगारून घरमालकासारखा बाहेर. कारवी एवढी दाट, की तिच्यात शिरलेला माणूस कपडे ओले करून नाही, धुऊन बाहेर येतो. एका दगडावर इतक्या तऱ्हेचं शेवाळ, की आमच्याकडच्या सगळ्या साडीच्या दुकानांत मिळून तेवढे हिरवे रंग निघणार नाहीत. नखावर बसेल असा बेडूक होता आणि ओरडत होता ट्रॅक्टरसारखा. वर कड्याच्या फटीत रानकेळी उभ्या होत्या, मातीचं एक ढेकूळ नसताना. कुठूनतरी कस्तूर पक्षी शीळ घालत होता, गाणं अर्धं विसरलेल्या माणसासारखी. सासूबाई चालता चालता प्रत्येकाचं नाव सांगत, कोण कोणाला खातं, कोण कशावर उगवतं तेही सांगत. शेजारच्या हिरवळीवर मी मुद्दाम नजर टाकली. तिथं एक प्लास्टिकचा बगळा होता.

झऱ्यापाशी त्या थांबल्या. “मी नवी नवरी आले, तवा सापकांदा हितं उगवायचा.”

सापकांदा म्हणजे पावसाळ्यात जमिनीतून नागाचा फणा उभा राहावा तसं हिरवं फूल काढणारा कंद. मी आजूबाजूला पाहिलं. फणा काय, शेपूटही नव्हतं. आणखी वर एका हिरड्याच्या बुंध्याशी त्या पुन्हा थांबल्या. थोरला पोटात होता त्या साली इथं, म्हणाल्या. मग बरंच वर, दोन फाका झालेल्या एका धोंड्यापाशी. तुमचं लग्न झालं त्या साली इथं, म्हणाल्या. तिथंही काही नव्हतं. माझे गुडघे आता स्वतंत्रपणे बोलायला लागले होते, तेवढ्यात कड्याच्या जरा खाली त्यांनी बोट दाखवलं. धुक्यात तीन फणे उभे होते.

“चाललाय वर,” त्या म्हणाल्या. “आदी धुकं आमच्या दारात बसायचं. आता खाली लई उकडतं, धुकं वर सरकलं, त्याच्या मागं हा निघाला. खेकडं, बेडकं, समदी निघाली. बाजूच्या वावरातनं जाता येत न्हाई, तिथं ऊन भाजतं. ही एकच वाट उरलीय.”

मी विचारलं, “मामी, कड्याच्या पुढं कुठं जाईल तो?”

“म्होरं आभाळच हाय,” त्या म्हणाल्या. “पन तिथवर तरी जाऊ द्या की त्याला.” मग माझ्याकडं न बघताच पुढं म्हणाल्या, “ही त्याची वहिवाट हाय, पाव्हनं. तुमची अडवली तवा तुमी कचेरीत गेला. ह्यानं कुठं जायचं?”

उतरताना मी धोंडा, हिरडा, झरा अशी तिन्ही ठिकाणं पुन्हा थांबून पाहिली. हेही कोणी खरं मानत नाही. घरी तर नाहीच.

पडवीत मेव्हण्यानं चहा दिला आणि म्हणाला, बोला. मी म्हणालो, इथं वहिवाट आहे, अडवता येणार नाही. कोणाची, म्हणाला. सापकांद्याची. तो हसला नाही, कंटाळला. आईनं दाजींना फितवलं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

“किती दिसले?” त्यानं विचारलं.

जिभेवर तेराशे उभे होते. त्याला तेराशेचीच सवय होती, मलाही. सासूबाई नाचणी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. मी म्हणालो, “तीन.”

मेव्हण्यानं हातातला कप खाली ठेवला. तेराशे म्हणालो असतो तर त्यानं हसून विषय संपवला असता. पण माझ्या तोंडून तीन ऐकल्यावर त्याला बसवेना. कोयता उचलला आणि भर पावसात वर गेला. मी सासूबाईंना हळूच विचारलं, घरात एवढी खरं बोलणारी माणसं सोडून पंच म्हणून मलाच का बोलावलं?

“लबाडाला खरं लगेच वळखू येतं,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा नाचणीत खडे शोधू लागल्या.

दोन तासांनी मेव्हणा परत आला, नखशिखांत भिजलेला, पोटऱ्यांना जळवा चिकटलेल्या. ओढ्याकाठी थांबून त्यानं एक एक खुंटी उपटली, सुतळी मनगटाला गुंडाळत वर पडवीत आला. तंबू पुढच्या खळ्यावर टाकतो म्हणाला, पण तिथं दोनच मावतील. आई म्हणाली, दोन बास.

मग तो माझ्याशेजारी बसला आणि जरा रागानंच म्हणाला, “दाजी, चार हायेत. एक धोंड्याआड हुता.”

उभ्या आयुष्यात माझा आकडा कमी भरला तो तेवढाच. वर्कशॉपमध्ये ही गोष्ट सांगताना मी कड्याची उंची वाढवतो, जळवा हातभर लांब करतो, सासूबाईंना वाघाच्या अंगावरून चालवतो. सापकांदे मात्र चारच ठेवतो. यंदाच्या आषाढात मेव्हणा आणि मी पुन्हा मोजायला वर जाणार आहोत. त्यानं बजावून ठेवलंय की मोजायचं त्यानं, मी फक्त धापा टाकायच्या.